विशेष मुलाचा घरचा सांभाळ: एकट्या आईवरचा भार वाटून कसा घ्यायचा

बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता (ऑटिझम) किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडाने हालचालींवर ताबा न राहणं) असलेलं मूल ज्या घरात आहे, तिथे बहुधा एकच माणूस सगळं जाणत असतो. कुकरच्या शिट्टीला मूल कानावर हात का ठेवतं, गोळी कशातून घेतं, संडासला लागली की कसं सांगतं, हे सगळं आईला ठाऊक असतं आणि तिच्यापाशीच राहतं. तिला ताप आला की घर ठप्प होतं. मूल तिशीत पोचतं तेव्हा ती साठीला टेकलेली असते आणि तरी अंघोळ, जेवण, औषधं तिच्याच हातून होत असतात.

मी विशेष शिक्षिका म्हणून घरोघरी जाते. पालक पहिल्या भेटीत थेरपीबद्दल, शाळेबद्दल, ‘बोलेल का हो?’ याबद्दल विचारतात. त्यांची उत्तरं मी देते, पण काम सुरू करते ते वेगळ्या जागी: आईकडे साठलेली माहिती आणि आईच्या हातातली कामं आधी वाटली गेली पाहिजेत. थोडी मुलाच्या स्वतःच्या हातात, थोडी घरातल्यांच्या, थोडी शेजारपाजारच्यांच्या, थोडी सरकारी व्यवस्थेच्या. मूल चार वर्षांचं असो की चौतीस, क्रम मला हाच सोयीचा वाटतो.

सुरुवात वहीपासून

साधी वही घ्या. त्यात निदान, बुद्ध्यांक, जुने रिपोर्ट उतरवू नका, त्यांची फाईल असतेच. हे मूल ओळखत नसलेल्या माणसाला त्याच्यासोबत एक दिवस काढायचा झाला तर काय माहीत असावं लागेल, तेवढंच लिहा. उदाहरणार्थ:

‘“आबू” म्हणजे पाणी. दोनदा “आबू आबू” म्हणजे अंघोळ. शर्टाची कॉलर चावायला लागला की पोट दुखतंय किंवा गोंगाट सहन होत नाहीये. भात आणि वरण वेगवेगळं वाढायचं, कालवलेलं खात नाही. गोळी केळ्याच्या तुकड्यातून घेतो, दुधातून दिली तर थुंकतो. लिफ्टला घाबरतो, जिन्याने न्यायचं.’

औषधांचं पान वेगळं ठेवा: नाव, मात्रा, वेळ, डॉक्टरांचा फोन, कशाची ॲलर्जी. फिट येत असेल तर त्याचं पान सगळ्यात वर. त्यावर ठळक लिहा की फिट आल्यावर त्याला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, घड्याळ बघायचं. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. फिट पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर थेट दवाखाना. डॉक्टरांना न विचारता फिटची गोळी एकदम बंद करायची नाही, हेही लिहा. ‘आता बरा आहे’ म्हणून गोळ्या थांबवणारे नातेवाईक जवळपास प्रत्येक घरात निघतात.

वही झाली की तिची परीक्षा घ्या. आत्याला, काकूला किंवा शेजारच्या ताईंना एक दुपार बोलवा, वही हातात द्या आणि तुम्ही घराबाहेर जा. त्या फोन करून जे विचारतील तेच नेमकं वहीत राहिलेलं असतं. ते भरा. मग पानांचे फोटो काढून घरातल्या दोन-तीन भरवशाच्या माणसांना पाठवून ठेवा.

एक काम त्याच्या स्वतःच्या हातात

सगळं एकदम शिकवायला गेलं की काहीच शिकवून होत नाही. एक काम निवडा. माझा कल अंघोळीकडे असतो, कारण ते रोज होतं, त्यात आईची कंबर मोडते आणि वाढत्या वयात ते दुसऱ्याने करणं मुलाच्या मानाला आणि सुरक्षेला बरं नसतं.

आधी त्या कामाचे तुकडे पाडा. कपडे काढून बादलीत टाकणं. स्टुलावर बसणं. तांब्याने पाणी घेणं, अंगावर ओतणं. साबण हाताला, पोटाला, पायाला, काखेत लावणं. पुन्हा पाणी. पंचाने पुसणं. पंचा दांडीवर टाकणं. कागदावर लिहिलं की दिसतं, आपण ज्याला एक काम म्हणतो ती दहा-बारा कामं आहेत.

आता शिकवायला शेवटून सुरुवात करा. सगळी अंघोळ तुम्ही घाला, फक्त पंचा दांडीवर टाकणं त्याच्याकडे. हे जमलं की पुसणं आणि टाकणं. मग शेवटचे दोन तांबे, पुसणं आणि टाकणं. असं मागे मागे सरकत या. यात मुलाच्या वाट्याला दर वेळी काम पूर्ण झाल्याचा आनंद येतो. पहिल्या पायरीपासून शिकवलं तर तो साबणापाशी अडतो, तुम्ही वैतागता आणि उरलेली अंघोळ तुम्हीच घालता. रोजच्या शिकवण्याचा शेवट मग हार मानण्यात होतो.

मदत किती द्यायची यालाही उतरता क्रम आहे. पहिल्यांदा त्याच्या हातावर हात ठेवून करवून घ्या. मग फक्त कोपराला स्पर्श. मग बोट दाखवणं. मग नुसतं थांबणं. हे थांबणंच आपल्याला जमत नाही. ‘तांब्या घे’ म्हटल्यावर दोन सेकंदांत हात हलला नाही की आपण तांब्या उचलतो. मनात दहापर्यंत मोजा. अनेक मुलांना ऐकलेला शब्द कळून तो हातापर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतो, आणि मध्येच पुन्हा बोललो तर तो प्रवास पहिल्यापासून सुरू होतो.

दोन खबरदाऱ्या. गरम पाणी बादलीत तुम्हीच विसणून द्या, नळाची किंवा गीझरची मुभा खूप नंतर. आणि मुलगा आठ-दहा वर्षांचा झाला की हे काम वडिलांनी किंवा काका-आजोबांनी हाती घ्यावं. ‘त्याला बाबांची सवय नाही’ असं मला सांगितलं जातं. सवय लावायला आठवडे लागतील, पण विशीतल्या मुलाला आईनेच न्हाऊ घालायचं हे दोघांनाही अवघड करून ठेवतं.

मुलींच्या बाबतीत पाळीची तयारी पाळी येण्याआधी करा. पॅड हाताळू द्या, दिवसातून थोडा वेळ कोरडं पॅड लावून वावरू द्या, बदलणं आणि कागदात गुंडाळून डब्यात टाकणं याच उलट्या क्रमाने शिकवा. ‘हिला जमणारच नाही’ असं गृहीत धरून गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला आजही कुणीतरी देतं. १९९४ साली शिरूरच्या सरकारी गृहातल्या मुलींवर पुण्यात अशाच शस्त्रक्रिया झाल्या आणि देशभर संताप उसळला होता. पाळी थांबल्याने अत्याचाराचा धोका तसूभर कमी होत नाही, उलट गर्भ राहत नसल्याने झालेला अत्याचार दिसून येत नाही. बहुतेक मुली शिकतात. वेळ लागतो.

चिडणं, मारणं, डोकं आपटणं

आधी दुखणं शोधा. ज्याला सांगता येत नाही त्याचा दात, कान, बद्धकोष्ठता, पाळीतली पोटदुखी वागण्यातून बाहेर येते. अचानक सुरू झालेल्या रागासाठी मी मानसोपचाराच्या आधी दाताच्या डॉक्टरांकडे पाठवते.

दुखणं नसेल तर आठवडाभर वहीत तीन रकाने पाडा: त्याआधी काय झालं, त्याने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. एका घरात मुलगा रोज संध्याकाळी स्वतःला चावायचा. रकाने भरल्यावर दिसलं की ती मालिका सुरू होण्याची वेळ होती. चावलं की आई टीव्ही बंद करून त्याच्याजवळ बसत असे. त्याला आई हवी होती आणि मागायला दुसरा मार्ग नव्हता. त्याला आईच्या फोटोचं कार्ड तिच्या हातात द्यायला शिकवलं आणि ती ते कार्ड मिळताच, चावण्याची वाट न बघता, उठायला लागली. रागावणं, मारणं, कोंडणं यांतून असा मार्ग कधीच सापडत नाही.

गणपतीतले ढोल, डीजे, फटाके यांचा त्रास होणाऱ्यांसाठी आधीच आखणी करा. मंडपात दुपारी गर्दी नसताना न्या, कान झाकणारे हेडफोन जवळ ठेवा, मिरवणुकीच्या रात्री शक्य असेल तर शांत भागातल्या नातेवाइकांकडे मुक्काम.

कागदपत्रं: कंटाळवाणी, पण याच क्रमाने

पहिलं दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचं देशभर चालणारं ओळखपत्र. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, तपासणी सरकारी रुग्णालयात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे, त्यात बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, विशिष्ट अध्ययन अक्षमता येतात. कार्डाचा रंग टक्केवारी सांगतो: ४० टक्क्यांच्या आत पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि वर निळा. बहुतेक सवलती ४० पासून सुरू होतात. लहान मुलांचं प्रमाणपत्र तात्पुरतं असतं. पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी धरून चाला.

तपासणीला जाताना वही सोबत न्या. मानसशास्त्रज्ञ ‘स्वतः जेवतो का?’ विचारतात तेव्हा आई मायेपोटी ‘हो, जेवतो की’ म्हणते. ताट वाढून, घास करून, समोर बसून तो जेवत असेल तर तसंच सांगा. एकटं सोडलं तर काय होतं, तेच तिथे मोजलं जातं.

दुसरं, निरामय आरोग्य विमा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट) कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं हे संरक्षण आहे. आधीच्या आजारामुळे नाकारलं जात नाही, वैद्यकीय चाचणी लागत नाही, आणि थेरपी, औषधं, दवाखान्याचा बाह्यरुग्ण खर्चही ठरावीक मर्यादेत मिळतो. नोंदणी न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत करता येते. बिलं जपा, सगळा खेळ बिलांचा आहे. नूतनीकरण चुकवू नका, वर्ष मार्चअखेर संपतं.

तिसरं, प्रवास आणि पैसा. एसटीत तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेत सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला आणि सोबत्याला स्लीपर व थ्री एसीत ७५ टक्के सवलत मिळते, त्यासाठी रेल्वेचं वेगळं कार्ड काढावं लागतं. पालक आयकर भरत असतील तर जुन्या करप्रणालीत अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी ७५ हजार, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १ लाख २५ हजारांची वजावट घेता येते. उत्पन्न कमी असेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करा. ग्रामपंचायत आणि नगरपालिकेला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. तो कशावर खर्च झाला हे ग्रामसभेत विचारा आणि तुमची मागणी लेखी द्या.

घरात कुणी सरकारी नोकर किंवा निवृत्तिवेतनधारक असेल तर आजच एक काम करा: कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, त्यासाठी त्याचं नाव पेन्शनच्या कागदांत हयातीतच नोंदवून घ्या. वडील गेल्यावर भावंडांनी हेलपाटे घालण्यापेक्षा हे फार सोपं पडतं.

गल्लीशी ओळख

लोकांना त्रास नको, लोक बघतात, म्हणून मूल घरात राहतं. मग लोक त्याला ओळखत नाहीत आणि ओळखत नाहीत म्हणून घाबरतात. हे मोडायला एक ठिकाण पुरतं. दुधाची डेअरी बघा, रोजची आणि जवळची.

पहिले काही दिवस फक्त सोबत जा. मग दुकानदाराशी, गिऱ्हाईक नसताना, बोला. तीन गोष्टी मागा: तो समोर आला की त्याला नावाने हाक मारा, त्याने पिशवीचं चित्र दाखवेपर्यंत थांबा आणि बोलायचं ते त्याच्याशीच बोला, माझ्याशी नको. पैसे नेमके द्या म्हणजे सुट्ट्यांचा घोळ नाही. मग तुम्ही एक पाऊल मागे, नंतर दुकानाच्या पायरीखाली, नंतर रस्त्यापलीकडे. बरेच दुकानदार आनंदाने तयार होतात, त्यांना काय करायचं ते कुणी सांगितलेलं नसतं एवढंच. एखादा खेकसला तर दुसरं दुकान.

असंच रिक्षावाला, वाचनालय, देऊळ, सोसायटीचा वॉचमन. ज्या पोराला वॉचमन नावाने ओळखतो ते पोर चुकून गेटबाहेर गेलं तर पाच मिनिटांत परत येतं. खिशात नाव आणि दोन फोन नंबरांचं कार्ड असू द्या, घरचा पत्ता मात्र नको.

ओळख वाढते तशी सुरक्षिततेची शिकवणही वाढवा. अंघोळीत, कपड्यांत, डॉक्टरांकडे कोण मदत करतं त्यांचे फोटो एका कागदावर चिकटवा, इतर कुणी तिथे हात लावला तर ‘नाही’ म्हणणं किंवा मोठ्याने ओरडणं शिकवा. काही घडल्याचा संशय आला तर अंघोळ न घालता, कपडे न धुता पोलिसांकडे जा. मदतीचे फोन: अठरापर्यंतच्या मुलांसाठी १०९८, कुणासाठीही ११२.

शाळेच्या वयातल्या मुलाला ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. शाळेत जाणं अशक्य असेल तर शिक्षण खात्याच्या तालुक्यातल्या गट साधन केंद्रात गृहाधारित शिक्षणाची मागणी करा. लहान बाळ असेल तर अंगणवाडीतून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे आणि तिथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे. ‘मोठा झाला की बोलेल’ म्हणत वाट बघू नका.

बाहेरची माणसं घरात घेताना

विशेष शिक्षक आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असते, ऑक्युपेशनल आणि फिजिओथेरपिस्टची राज्याच्या परिषदेकडे. क्रमांक विचारायला संकोच नको. ‘स्वमग्नता पूर्ण बरी करतो’ म्हणत स्टेम सेल, पावडर, महागडं पॅकेज विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. चांगल्या तज्ज्ञाची खूण अशी की तो तुमच्यासमोर काम करतो आणि आठवडाभर घरी काय करायचं ते तुमच्या हातून करवून दाखवतो. दार बंद करून ‘सेशन’ घेणाऱ्याकडून घरात काहीच उरत नाही.

सांभाळायला बाई किंवा मदतनीस ठेवायचा तर पोलीस पडताळणी, मग पहिले काही आठवडे तुमच्या देखत काम, आणि वही वाचून घेणं. पगाराची ऐपत नसेल तर ओळखीच्या पालकांशी साटंलोटं करा: एका रविवारी त्यांचं मूल तुमच्याकडे, पुढच्या रविवारी तुमचं त्यांच्याकडे. त्या वेळात आईने बँकेची आणि दवाखान्याची कामं उरकू नयेत, झोपावं, मैत्रिणीकडे जावं. हे मी अगदी आग्रहाने सांगते.

प्रौढांसाठी कार्यशाळा शोधा. पुण्यात १९६४ पासून चालणारी कामायनी, नाशिकची प्रबोधिनी इथे शाळेनंतरच्या वयातल्यांसाठी कामाची व्यवस्था आहे. खारघरला बौद्धिक दिव्यांगजनांच्या राष्ट्रीय संस्थेचं विभागीय केंद्र आहे, तिथे तपासणी आणि मार्गदर्शन मिळतं.

अठरा पूर्ण झाल्यावर

कायद्याने अठरानंतर आई-वडीलही आपोआप पालक राहत नाहीत, आणि बँक, मालमत्ता, विमा इथे ते अडतं. राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या चार प्रकारांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो, कोर्टात न जाता. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. मात्र अर्जाआधी खरंच किती गरज आहे ते बघा. जो मुलगा स्वतःचं खातं थोड्या मदतीने चालवू शकतो, त्याच्या सहीचा हक्क घाईने काढून घेऊ नका.

मृत्युपत्र करा. ‘भाऊ बघेल’ एवढ्यावर ठेवू नका, भावालाही विचारा, त्याच्या बायकोलाही, आणि त्यांनी ‘नाही’ म्हटलं तर ते ऐकून घ्या. बँकेतला नॉमिनी मालक होत नाही, तो फक्त पैसे स्वीकारतो, हे लक्षात ठेवा. मालमत्ता थेट मुलाच्या नावे करण्यापेक्षा वकिलाच्या सल्ल्याने त्याच्यासाठी खासगी न्यास करणं बहुधा सुरक्षित असतं, विश्वस्त तुमच्याहून तरुण असावेत.

राहण्याची सोय तुम्ही हिंडते-फिरते असतानाच बघा. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेच्या पालकांनी एकत्र येऊन ‘घरकुल’ उभं केलं, तसा विचार तुमच्या तालुक्यातल्या चार कुटुंबांनीही सुरू करायला हरकत नाही. तयार संस्था निवडताना दिव्यांग कायद्याखालची नोंदणी मागा, न सांगता जेवणाच्या वेळी जाऊन या, तिथल्या मुलांची नखं आणि दात बघा, रात्री किती माणसं ड्युटीवर असतात ते विचारा. आणि पहिला मुक्काम एका रात्रीचा ठेवा, आधी मावशीकडे, मग संस्थेत. पहिल्या रात्री तो रडेल, कदाचित जेवणार नाही. तरी महिन्याने पुन्हा पाठवा, सोबत वही आणि त्याची स्वतःची चादर द्या.